फळांची सालं जंगलात टाकली तर काय बिघडतं? टाकणाऱ्याला टोकावं का?

ट्रेकला फळांची सालं जंगलात टाकणाऱ्या मित्राला टोकावं का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि आमचे भाऊजीच डोळ्यांसमोर उभे राहिले. तुमच्या मित्राचं 'प्लास्टिक थोडंच आहे, कुजून जाईल' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलंय, तेही वीस वर्षांच्या डोंगरभटकंतीच्या रुबाबासकट.

आम्ही सहाजण होतो. खिंडीत टेकलो. भाऊजींनी चार संत्री सोलली, सगळ्यांना फोडी वाटल्या आणि सालं मागच्या खडकाच्या फटीत सारली. म्हटलं, "भाऊजी, पिशवी आहे माझ्याकडे." तर म्हणाले, "राहू दे रे, खत होतं त्याचं." सगळे हसले. ते हसणं मला झोंबलं. उठलो आणि सगळ्यांदेखत फटीत हात घालून सालं वेचायला लागलो, मोठ्याने मोजत. हात पोचला तेवढी निघाली, दोन-तीन आत घसरली ती राहिली. भाऊजी जे गप्प झाले ते थेट पायथ्यापर्यंत. ताई मात्र माझ्यावरच चिडली.

चौदा महिन्यांनी मी फक्त त्या सालांसाठी पुन्हा तिथं गेलो. (हो, मी असाच आहे.) फटीत टॉर्च मारला. सालं होती! काळपट, चामड्यासारखी कडक, पण बघताक्षणी ओळखू येणारी. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. भाऊजींचं एका ओळीत उत्तर आलं: "ती माझीच कशावरून?"

आणि गंमत म्हणजे मला ते सिद्ध करता येईना, कारण तोवर त्या फटीत अंड्यांची टरफलं, केळ्याची सालं, आणखी कोणाकोणाची संत्री जमली होती. एकाने टाकलं की पुढच्याला ती जागा टाकायचीच वाटते. माझा मुद्दा खरं तर हाच होता, पण तोपर्यंत ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या होत्या.

खत होतं ते खड्ड्यात. तिथं ओल असते, माती असते, जंतू असतात. उघड्या कातळावर साल आधी वाळतं, आणि वाळलेलं साल नुसतं पडून राहतं. त्यात संत्र्याच्या सालात लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्य असतं, ते कीटकांना आणि जंतूंना फारसं मानवत नाही. बरं, कुजायच्या आधी ते कुणी खाल्लं तर? वासाने प्राणी वाटेवर येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, मग माणूस दिसला की सॅक हिसकायला लागतो. शेवटी त्यालाच 'उपद्रवी' ठरवून पकडतात. रस्त्याकडेला फेकलेल्या खाण्यापायी तर प्राणी गाड्यांखाली येतात.

'नैसर्गिक आहे' हा युक्तिवाद ऐकला की मी विचारतो, शौचही नैसर्गिकच ना? मग त्याला नियम का? वाट, पाणी आणि मुक्काम यांपासून साठेक मीटर लांब, म्हणजे सत्तर मोठी पावलं, आणि 15 ते 20 सेंटीमीटर खोल खड्डा. 'लीव्ह नो ट्रेस', म्हणजे निसर्गात मागे काही खूण न ठेवता भटका असं सांगणाऱ्यांच्या सात तत्त्वांतलं तिसरं तत्त्वच कचऱ्याचं आहे. नैसर्गिक म्हणवणारा साबणसुद्धा ओढ्यात चालत नाही, त्यालाही विघटनासाठी माती लागते.

टोकावं का? टोकावंच. वयाने मोठा असला तरी. 'मोठ्यांना चारचौघांत बोलू नये' हे ताईचं पालुपद मला आजही पटत नाही. मोठ्यांनीच फटीत कचरा सारला तर लहानांनी कुणाकडे बघायचं? फक्त मोजून दाखवू नका, तेवढं माझं चुकलं. नियम न ऐकवता तिथं आधीच साठलेलं दाखवा, प्राण्याचं काय होतं ते सांगा. एवढं करूनही समोरचा ऐकेलच असं नाही.

आणि हो, दाट, ओलसर जंगलात जाडसर पालापाचोळ्याखाली साल बरंच लवकर जिरतं, हे कबूल. मीही कॉलेजात असताना सफरचंदाचे गाभे लांबवर भिरकावायच्या पैजा लावायचो. भाऊजींना हे माहीत नाही, ताईला आहे.

पुढच्या ट्रेकला भाऊजी स्वतःहून कचऱ्याची पिशवी घेऊन आले. खिंडीत पोचल्यावर ती माझ्या हातात देत म्हणाले, "घे, तुला आवडतं ना वेचायला."