खाली दुकाने, वर घरे: शेजाऱ्यांनी नकाशात काय पाहावे?

प्रश्न: आम्ही जळगावच्या पिंप्राळा परिसरातील एका जुन्या कॉलनीत राहतो. आमच्या कुंपणाला लागून असलेल्या साडेतीन एकर मोकळ्या जागेवर खालचे दोन मजले दुकानांचे आणि वर १४० सदनिका असे संकुल होणार, असा फलक लागला आहे. रस्ता आधीच अपुरा आहे आणि पाण्याची ओढाताण नेहमीचीच आहे. सर्वांनी सह्या करून हरकत घेतली की काम थांबेल, असे काही शेजारी म्हणतात. हे खरे आहे काय, आणि आम्ही नेमके काय तपासावे?
– एक निवृत्त शिक्षक

उत्तर: प्रथम तो फलक नीट वाचून या. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची जाहिरात महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, नोंदणीशिवाय करता येत नाही, आणि ही नोंदणी बांधकाम परवानगी मिळाल्यावरच होते. फलकावर नोंदणी क्रमांक असेल, तर परवानगी आधीच मिळालेली आहे आणि मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर आपल्याला घरबसल्या पाहता येईल. क्रमांक नसेल, तर मात्र सूचना करण्याची वेळ बहुधा अजून गेलेली नाही. शिवाय अशा स्थितीत ग्राहकांकडून सदनिकांच्या आगाऊ रकमा घेतल्या जात असतील, तर ती महारेराकडे तक्रार करण्याजोगी बाब आहे.

सह्यांबद्दल मात्र आपली निराशा करावी लागत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये एकेका इमारतीच्या परवानगीसाठी शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्याची पद्धत नाही. जमीन निवासी विभागात असेल आणि नकाशा २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत बसत असेल, तर ‘आम्हाला हे नको’ एवढ्या कारणावर महापालिका तो फेटाळू शकत नाही. जागेवर बगीचा, शाळा किंवा रस्त्याचे आरक्षण असेल आणि ते बदलायचे असेल, तर मात्र कलम ३७ नुसार जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, आणि तेथे आपल्या सह्यांना कायद्याने किंमत आहे. म्हणून नगररचना विभागातून त्या गटाचा झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात येते, हे सांगणारा) आणि विकास योजनेचा भाग नकाशा आधी मिळवावा. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांत अर्ज होतो, पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात, आणि नियमात बसणाऱ्या प्रस्तावावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर कलम ४५ नुसार परवानगी मिळाल्याचे मानले जाते. तेव्हा उशीर करू नये.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही खानदेशातल्या जुन्या पेठांचीच रीत आहे. तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. फरक इतकाच की पेठेतला दुकानदार त्याच माडीवर झोपत असे, त्यामुळे रात्री माल उतरवण्याचा त्रास त्याचा त्यालाच होई. आजचा गाळेधारक दुसरीकडे राहतो. अशा संकुलात शेजाऱ्यांची भांडणे इमारतीच्या उंचीवरून कमी आणि तळमजल्यावरून अधिक होतात, असे आमचे मत आहे. नकाशात मालाच्या गाड्या कोठे उभ्या राहणार, दुकानांचे ग्राहक आणि रहिवासी यांचे वाहनतळ व जिने वेगळे आहेत का, जनित्र कोणाच्या खिडकीसमोर येते, आणि एखाद्या गाळ्यात उद्या खानावळ आली तर तिचा धूर कोठून बाहेर जाईल, हे पाहावे. दुकानांपुढचे मोकळे अंतर वाहनतळ म्हणून दाखवले असेल, तर गाड्या शेवटी आपल्याच रस्त्यावर येतील.

पाण्याचा हिशेब आपण स्वतःच मांडू शकाल. माणशी रोज १३५ लिटर हे भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठीचे सर्वसाधारण प्रमाण धरले आणि घरात पाच माणसे मोजली, तर १४० सदनिकांना रोज ९४,५०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ-दहा टँकर पाणी लागेल, आणि दुकाने यात धरलेली नाहीत. वाघूर धरणाचे पाणी शहराला पुरते की नाही, हा वेगळा प्रश्न. आपल्या भागातल्या जलवाहिनीत एवढी जादा क्षमता आहे का, हे पाणीपुरवठा विभागाने लेखी सांगावे, असा आग्रह धरावा. सांडपाण्याबाबतही हेच विचारावे.

साडेतीन एकर म्हणजे सुमारे १४,१६० चौरस मीटर. चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या जागेत दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे येथे जवळपास १,४१६ चौरस मीटर. ती एकसंध आहे की कोपऱ्या-कोपऱ्यात वाटलेली आहे, हे पाहावे. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा अधिक असेल, तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात तळघरही मोजले जाते. या आकड्याच्या अगदी अलीकडे येऊन थांबणारे किंवा टप्प्यांत तोडलेले नकाशे अधिक बारकाईने वाचावेत.

तळघर असेल तर आणखी एक काळजी आहे. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कुंपणालगत खोल खोदाई झाली आणि बाजूच्या मातीला आधार दिला नाही, तर जुन्या घरांच्या पायाला धोका पोहोचतो. माती परीक्षणाचा अहवाल आणि खोदाईच्या आधाराची योजना मागावी, आणि काम सुरू होण्यापूर्वीच प्रत्येकाने आपल्या भिंतींची, विशेषतः आज असलेल्या भेगांची, तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. नंतर तडा जुना की नवा, या वादात तोंडी सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही.

हे सर्व एका हरकतपत्रात कोंबू नये. माल उतरवण्याची वेळ, रस्त्याच्या बाजूचे प्रवेशद्वार, पाण्याची व्यवस्था आणि खोदाईचा आधार या चार गोष्टी परवानगीच्या अटींत लेखी याव्यात, एवढीच मागणी करणारा दोन पानी अर्ज महापालिका आयुक्त आणि नगररचना विभाग या दोघांच्या नावे द्यावा, आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.