आठवीचा वर्ग मिळालेल्या नव्या बाईंसाठी

बाई, जूनमध्ये संस्कृतचे अर्ज भरून घेताना घाई करू नका. संपूर्ण संस्कृत 100 गुणांचं. संयुक्तमध्ये हिंदी 50, संस्कृत 50. पालक 'स्कोअरिंग' म्हणून डोळे झाकून संपूर्ण निवडतात. माझ्या वर्गातली एक मुलगी वहीच्या मागच्या पानावर 'देव'ची रूपं लिहून लिहून रडकुंडीला आली होती. हिंदी तिचं सुरेख होतं, पण तिला कोणी विचारलंच नव्हतं! म्हणून आधी दोन तास शिकवून बघा, मुलांशी बोला, मगच सही घ्या. ही निवड दहावीपर्यंत सोबत राहते. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं सगळ्यांना सारखीच, तिथे प्रश्न नाही. पुढे अकरावीला विज्ञान घेणाऱ्यांना मात्र आधीच सांगून ठेवा: गणित किंवा जीवशास्त्र सोडण्यापूर्वी जेईई की नीट, हे घरी बसून बोला.