‘कु॥’ म्हणजे कुणबी? यंत्राचे वाचन आणि तुमचे शपथपत्र

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी. माळ्यावरच्या पेटीतले मोडी कागद आणि तहसीलमधून घेतलेल्या जुन्या रजिस्टरांच्या नकला मोबाइलवर टिपून एका एआय साधनाकडून वाचून घेतल्या. शके १८०६ च्या जमिनीच्या पानावर त्याने ‘राघो बिन धोंडी, कुणबी’ (म्हणजे धोंडीचा मुलगा राघो) असे वाचले. नक्कल पुसट होती, म्हणून तिचा फोटो दुसऱ्या अ‍ॅपने ठळक करून घेतला. वंशावळही त्या साधनानेच जुळवून दिली. तिच्यावर शपथपत्र केले आणि मुलीचा कुणबी दाखला निघाला. आता जात पडताळणी समितीच्या दक्षता पथकाने म्हटले आहे की, मूळ पानावर नुसते ‘कु॥’ आहे. शिवाय हा राघो १८९९ मध्ये मयत झाल्याची नोंद असल्याने तो १९२१ साली जन्मलेल्या माझ्या आजोबांचा बाप असू शकत नाही. समितीने पंधरा दिवसांत खुलासा मागितला आहे. माझ्यावर गुन्हा होईल का? मुलीचा प्रवेश जाईल का? (नावे बदलली आहेत.)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही घाबरला आहात आणि ते रास्तच आहे. पण पंधरा दिवस हातात आहेत आणि त्यात बरेच सावरता येते. त्यासाठी आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. खुलाशात यंत्राच्या वाचनाची पाठराखण करायची नाही. ‘साधनाने असे वाचले’ हा समितीपुढे पुरावा होत नाही. साधनाला कोणी शपथेवर विचारू शकत नाही आणि त्याची उलटतपासणीही होत नाही. वंशावळीच्या शपथपत्राखाली सही तुमची आहे.

गुन्ह्याचे आधी सांगतो, म्हणजे रात्रीची झोप तरी लागेल. जात प्रमाणपत्र देण्याचा आणि पडताळणीचा आपला राज्य कायदा २००० चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार खोटी माहिती, खोटे निवेदन किंवा खोटा कागद देऊन दाखला मिळवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी किंवा दोन हजार ते वीस हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र न्यायालय अशा गुन्ह्याची दखल समितीच्या किंवा तिने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरूनच घेते. म्हणून समितीपुढे तुम्ही आता कसे उभे राहता याला फार महत्त्व आहे. प्रामाणिक चूक आणि बनवाबनवी यांतले अंतर तुमच्या पुढच्या वागण्यावरून जोखले जाईल. चूक कळल्यावरही जुन्याच शपथपत्राला चिकटून राहिलात, तर तिला प्रामाणिक म्हणणे मलाही जड जाईल.

आता ‘कु॥’कडे वळू. मोडी लिहिणारे आधी पानभर आडवी रेघ ओढत आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जात. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. वर संक्षेप सर्रास. मौ॥ म्हणजे मौजे, क॥ म्हणजे कसबे, प॥ म्हणजे परगणे. संक्षेप वाचायचा तो त्या कागदाच्या प्रकारावरून, स्तंभाच्या मथळ्यावरून आणि शेजारच्या ओळींवरून. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एकच ओळ आहे, मथळा कापला गेला आहे. जमिनीच्या कागदावर ‘कु’पुढे दोन उभ्या रेघा असल्या, तर तो ‘कुळ’ असण्याची शक्यता मला आधी दिसते. तसे असेल तर त्या ओळीत राघोची जात नाही, त्याचे जमिनीशी असलेले नाते लिहिले आहे. साधनाने संक्षेप फोडून पूर्ण शब्द दिला आणि तुम्हाला तोच शब्द हवा होता, म्हणून शंका आली नाही. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. पुरावा शोधणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत हे होते, अगदी वकिलांच्याही.

ठळक केलेला फोटो ही मात्र मला सर्वांत जास्त काळजीची बाब वाटते. अशी अ‍ॅप्स पुसट रेघ नुसती गडद करत नाहीत, जिथे शाई उरलेलीच नाही तिथे अंदाजाने रेघ भरतात. ‘कु’च्या पुढे दोन रेघांच्या जागी ‘णबी’सारखा आकार उमटला असेल, तर पथकाच्या नजरेत तो फेरफार केलेला कागद ठरतो. ती प्रत खुलाशासोबत स्वतःहून मागे घ्या. कोणत्या अ‍ॅपने, कधी आणि का ठळक केली हे साध्या शब्दांत लिहा. पहिला, हात न लावलेला फोटो फोनमध्ये असेल तर तो पुसू नका. तारखेसह जपून ठेवा, तुमच्या सद्हेतूचा तोच साक्षीदार आहे.

राघोंच्या बाबतीत मात्र मला आशा दिसते. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची जुनी चाल आहे. त्यामुळे राघोचा धोंडी आणि धोंडीचा पुन्हा राघो अशी साखळी घरोघरी सापडते. १८८४ मध्ये जमीन बाळगणारा राघो १८९९ ला वारला. तुमच्या आजोबांचे वडील राघोच असतील, पण हा दुसरा राघो, बहुधा पहिल्याचा नातू. साधनाला नाव सारखे दिसले आणि त्याने दोन माणसांचा एक माणूस केला, मधल्या पिढ्या गळल्या. हे अनुमान झाले, पुरावा नव्हे. पुरावा फेरफार नोंदींत, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींत मिळेल. गाव नमुना ६ मधली वारसाची फेरफार नोंद आणि ६-क ही वारस प्रकरणांची नोंदवही शोधा. ‘अमुक मयत, वारस मुलगे अमुक’ अशी एक ओळ दोन पिढ्या सांधते आणि ती सरकारी नोंदवहीतली असते. शोधताना सनाकडे नीट पाहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते आणि फसली या जुन्या महसुली सनात साधारण ५९०. एका कागदावर शक आणि दुसऱ्यावर फसली असला, तर साधने हमखास गोंधळतात आणि माणूस शतकांच्या अंतराने जन्मतो.

मला सर्वांत आधी पाहायचे आहे ते १८९९ च्या मृत्यूच्या नोंदीचे पान. पथकाने ते तुमच्याविरुद्ध वापरले. पण गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात मयताच्या नावासोबत जातही लिहिलेली असते. पथकाच्या अहवालात त्या रकान्याचा उल्लेख तुम्ही कळवलेला नाही. पूर्ण पानाची प्रमाणित नक्कल मागा, मथळ्यासह आणि वरच्या-खालच्या नोंदींसह. तहसीलमध्ये टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अभिलेखाची पाहणी आणि नक्कल दोन्ही मागता येतात. पण त्याला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून आजच अर्ज करा आणि त्याची पोच दाखवून समितीकडे लेखी मुदतवाढ मागा. १९६७ पूर्वीच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उताराही काढा. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे, म्हणजे पुरावा तिच्या आधीचा लागतो. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना अधिक वजन द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘आनंद’ प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

त्या रकान्यात कुणबी निघाले, तर तुमचे प्रकरण पहिल्यापेक्षा भक्कम होईल. दुसरे काही निघाले, तर तेही समितीपुढे ठेवा. जात पडताळणी कायद्याच्या कलम ८ नुसार जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच असतो. तेव्हा पान दडवून काही साधत नाही, पथकाकडे ते आहेच.

वाचनासाठी मोडीचा जाणकार गाठा. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, तिथे शिकून वर्षानुवर्षे कागद वाचणारी माणसे पुण्यात आणि सोलापुरातही भेटतील. त्यांच्याकडून ओळीला ओळ लिप्यंतर घ्या, शंकास्पद अक्षरे शंकास्पद म्हणूनच दाखवलेले, आणि सोबत त्यांचे शपथपत्र. कृपा करून त्यांना साधनाचे वाचन आधी दाखवू नका. एकदा ‘कुणबी’ कानावर पडले की जाणत्यालाही तेच दिसू लागते. लिपी वाचणाऱ्या तज्ज्ञाचे मत कायदा विचारात घेतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ मध्ये तज्ज्ञांच्या मताची तरतूद आहे. समिती न्यायालयासारखी काटेकोर पुराव्याच्या नियमांनी बांधलेली नसली, तरी तत्त्वे तीच पाळली जातात.

वडिलांकडच्या रक्तातल्या कोणाकडे, म्हणजे सख्ख्या चुलत्याकडे किंवा चुलतभावाकडे, वैधता प्रमाणपत्र आहे का हे आजच विचारा. मुंबई उच्च न्यायालयाने ‘अपूर्वा निचळे’ प्रकरणात २०१० मध्ये अशा प्रमाणपत्राला महत्त्व दिले आहे, अर्थात ते फसवणुकीने मिळवलेले नसेल तर. तिथेही नाते कागदावर सिद्ध करावे लागते, म्हणून वंशावळ दुरुस्त होणे भागच आहे.

मुलीच्या प्रवेशाबद्दल गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही. दावा अवैध ठरला तर जात पडताळणी कायद्याच्या कलम १० नुसार राखीव जागेवरचा प्रवेश रद्द होऊ शकतो. समितीचा निर्णय अंतिम असतो, त्यावर अपील नाही, संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका एवढाच मार्ग. म्हणून सारा जोर सुनावणीवर लावा. महाविद्यालयाला प्रकरण प्रलंबित असल्याचे लेखी कळवा आणि मुलीलाही खरे ते सांगा. खुल्या प्रवर्गातून तिला कुठे जागा मिळत होती हे तिने आताच पाहून ठेवलेले बरे.

साधन वापरलेत हा गुन्हा नाही आणि ते टाकून द्या असेही मी म्हणणार नाही. रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली तयार केली, हे मला मनापासून आनंदाचे वाटते. सरकारी दप्तरांत एवढी मोडी पडून आहे की नुसत्या माणसांच्या बळावर ती वाचून होणार नाही. दोनशे पानांत ‘राघो’ कुठे कुठे येतो हे शोधायला साधनाला बसवा, त्याने दाखवलेले पान मात्र जाणकाराकडून वाचून घ्या. चुलत्यांची आधार कार्डे मात्र त्यांच्या परवानगीशिवाय त्यात टाकू नका.

खुलाशासोबत दुरुस्त वंशावळीचे नवे शपथपत्र जोडा. जी पिढी कागदाने सिद्ध होत नाही, तिच्यापुढे ‘नोंद उपलब्ध नाही’ असे लिहा, अंदाजाचे नाव नको. अहवालाची प्रत मिळाली नसेल तर आधी ती मागा. पेटीतले मूळ कागद लॅमिनेट करू नका आणि चिकटपट्टी लावू नका. सुनावणीला ते स्वतः घेऊन जा, दाखवा, आणि समितीने ठेवून घेतले तर पानांच्या संख्येसह पोच घ्या.