वडिलांना अल्झायमर आहे, माझ्याकडे कुलमुखत्यारपत्र आहे, तरी बँक एफडी मोडू देत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार परिस्थिती अशी: वडील निवृत्त शिक्षक, आता घरच्यांनाही ओळखत नाहीत. आजाराच्या सुरुवातीला त्यांनी तुमच्या नावाने नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं. पेन्शनचं खातं आई-वडिलांचं जोड आहे, पण मोठी एफडी आणि साताऱ्याचा फ्लॅट एकट्या वडिलांच्या नावावर. एफडीवर तुमचं नाव नॉमिनी म्हणून आहे. बहीण ऑस्ट्रेलियात. बँक अडवणूक करतेय का, असं तुम्ही विचारलंय.

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. त्या खुर्चीत बसून मीही हेच उत्तर दिलं असतं, आणि समोरच्या मुलाकडे बघताना जिवावर आलं असतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की मुखत्याराचे अधिकार संपतात. ते नोंदणीकृत असलं, पाचशेच्या स्टॅम्पवर असलं, तरी फरक पडत नाही. परदेशात काही ठिकाणी समज गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे तशी सोय नाही. ज्या वेळी त्याची खरी गरज पडते नेमकं त्याच वेळी ते कामाचं राहत नाही, हे मला फार अन्यायाचं वाटतं. पण आज कायदा असा आहे.

नॉमिनी असण्याचाही आत्ता उपयोग नाही. नामनिर्देशन खातेदाराच्या मृत्यूनंतर लागू होतं, तो हयात असताना नॉमिनीला काही अधिकार नसतो.

अशा वेळी नातेवाइकांकडून जे सल्ले येतात त्यातला सर्वांत धोकादायक म्हणजे 'अंगठा घे आणि काम उरक'. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आजारपणामुळे सही करता न येणाऱ्या खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेता येतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. आम्ही घरी जाऊन असे अंगठे घेतलेले आहेत. पण ती सोय हात चालत नाही अशांसाठी आहे. आपण काय करतोय हे माणसाला कळत असेल तरच तो अंगठा ग्राह्य. मी पलंगाशी बसून आधी विचारायचो, "काका, किती पैसे काढायचे? कशासाठी?" उत्तर आलं नाही, तर फॉर्म तसाच परत न्यायचो. जुन्या मुखत्यारपत्रावर फ्लॅट विकण्याचा विचारही सोडून द्या. नोंदणी कदाचित होऊनही जाईल, पण उद्या कोणी हरकत घेतली तर घेणारा आणि तुम्ही दोघंही कोर्टात उभे राहाल. वडिलांचं एटीएम कार्ड आणि ओटीपी वापरून पैसे काढणंही टाळा. पुढे भावंडांत हिशेबाचा प्रश्न आला की हेच व्यवहार तुमच्या अंगावर येतात.

आता मार्ग. वयाने सज्ञान पण समज गेलेल्या माणसाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याची तरतूद पूर्वी १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात होती, तेव्हा जिल्हा न्यायालयात जाता यायचं. २०१७ चा नवा कायदा आला आणि ती तरतूद गेली. नव्या कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांच्या निर्णयांपुरता असतो, बँक खात्याला हात लावू शकत नाही. १८९० चा पालक कायदा फक्त अज्ञान, म्हणजे सज्ञान वयाच्या आतल्या मुलांसाठी. कोणी सांगेल जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जा, तर ती समिती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरती. अल्झायमर त्यात बसत नाही.

त्यामुळे उच्च न्यायालयात जावं लागतं. घटनेच्या कलम २२६ खाली याचिका करायची आणि न्यायालयाने कायदेशीर पालक नेमावा अशी मागणी करायची. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी यात सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोमातल्या पतीची पालक म्हणून पत्नीला नेमलं. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार) रुग्णांसाठीही मुंबईत असे आदेश झालेले आहेत. तुम्ही साताऱ्याचे, म्हणजे मुंबईपर्यंत खेपा नकोत. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (बाहेरगावचं खंडपीठ) सुरू झालंय आणि सातारा जिल्हा त्यात येतो.

तयारी आजच सुरू करा. न्यूरॉलॉजिस्टचा ताज्या तारखेचा दाखला घ्या, त्यात नुसतं आजाराचं नाव नको, 'आर्थिक व्यवहार समजण्याची व करण्याची क्षमता नाही' असं स्पष्ट वाक्य हवं. न्यायालय बहुधा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडूनही तपासणी करवतं, म्हणून जुने एमआरआय, फाइली जपून ठेवा. बहिणीचं ना हरकत प्रतिज्ञापत्र लागेल, ते तिने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून पाठवावं. सगळ्या वारसांचं एकमत असलं की निम्मं काम हलकं होतं. औषधं, आया, डायपर, फिजिओथेरपी यांचा महिन्याचा खर्च बिलांसकट जोडा.

एक गोष्ट वकिलांना आवर्जून सांगा, कारण ही बँकेच्या आतली बाजू आहे. याचिकेच्या मागण्यांमध्ये प्रत्येक खात्याचा क्रमांक, प्रत्येक एफडीची पावती, म्युच्युअल फंडाचा फोलिओ, फ्लॅटचा पूर्ण तपशील वेगवेगळा लिहा. शाखा तुमचा आदेश विधी विभागाकडे पाठवते आणि तिथे तो शब्दन् शब्द वाचला जातो. 'पालक म्हणून नेमणूक' एवढंच असेल आणि ती एफडी मुदतीपूर्वी मोडण्याचा अधिकार लिहिलेला नसेल, तर पत्र येतं: कृपया स्पष्टीकरण आणा. मग पुन्हा वकील, पुन्हा अर्ज. फ्लॅट विकायचा असेल तर त्याची परवानगी स्वतंत्रपणे मागा आणि विक्रीचे पैसे वडिलांच्याच खात्यात जातील असं लिहून द्या.

आदेश मिळाल्यावर पैसा वडिलांचाच राहतो, तुम्ही राखणदार. केरळच्या निकालात दर सहा महिन्यांनी हिशेब देण्याची अट आहे, तशी अट इथेही येऊ शकते. वेगळी वही घाला.

तोपर्यंत घर चालायला हवं. पेन्शन खातं 'दोघांपैकी कोणीही एक' अशा पद्धतीचं असेल तर आई एकटीच्या सहीवर पैसे काढू शकते, शाखेत जाऊन खात्री करा. हयातीचा दाखला मात्र नोव्हेंबरमध्ये चुकवू नका. त्याला वडिलांची समज लागत नाही, ते हयात आहेत एवढंच दाखवायचं असतं. आजारी पेन्शनरसाठी बँकेचा माणूस घरी येतो, अर्ज करा. एफडीची मुदत संपत आली असेल तर आपोआप नूतनीकरणाची सूचना आहे का तेही बघून घ्या.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी आजार नुकताच कळला असेल, तर त्यांच्याकडे अजून वेळ आहे. त्याच करार कायद्याचं कलम १२ सांगतं की एरवी समज नसलेला माणूस ज्या वेळी शुद्धीवर असेल त्या वेळी करार करू शकतो. त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला घेऊन मृत्युपत्र, जोड खाती, गरज वाटल्यास मालमत्तेचा खाजगी न्यास (ट्रस्ट), हे सगळं तेव्हाच करून घ्यावं. न्यास करणाऱ्याची समज गेली तरी विश्वस्तांचे अधिकार चालू राहतात.

तुमच्या बाबतीत शेवटचं. याचिका एकट्या आईच्या नावाने करू नका. त्यांचंही वय झालंय आणि उद्या त्या आजारी पडल्या तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. दोघं मिळून संयुक्त पालक व्हा, आणि एकाच्या सहीवर व्यवहार चालतील असं आदेशात लिहून मागा.