बिलावर 'माल परत नाही' छापलंय, मग?

प्रश्न : साडेचार हजारांची सिल्क साडी पहिल्यांदाच नेसले, तर कमरेपाशी विरली. दुकानदार बिलावरचं 'विकलेला माल परत नाही' दाखवतो. तक्रार करावी का?

उत्तर : जरूर करा. बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत न घेणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. विरलेल्या जागेचे जवळून फोटो काढा. धागे तुटलेत की नुसते सरकलेत, हे दिसायला हवं. पिनेच्या भोकापासून फाटली असेल तर मात्र तुमची बाजू लंगडी पडते. साडी धुऊ नका, रफू तर मुळीच नको, पुरावाच जातो. दुकानाला १५ दिवसांची मुदत देऊन लेखी कळवा. दाद न दिल्यास १९१५ हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. तक्रारीला दोन वर्षं मिळतात.