निघण्याआधी बाबांशी बोला, पण आधी स्वतःचं इच्छापत्र लिहा

तुम्ही लिहिलंत की जुलैत बायको आणि चार वर्षांच्या मुलीसह श्टुटगार्टला निघताय. कोल्हापुरात आई-बाबा आणि घर, गावाकडे थोडी शेती, बहीण लग्न होऊन सांगलीत. जाण्याआधी घर-जमिनीचा विषय काढावा का, की पोरगा जाता जाता हिस्सा मागतोय असं बाबांना वाटेल?

काढा. मी बारा वर्षांपूर्वी तो न काढता जर्मनीला आलो. पाचव्या वर्षी वडील गेले. तेरावं झाल्यावर माझ्या हातात चारच दिवस होते, आणि ते चारही दिवस आई, ताई आणि मी कपाटातले कागद जमिनीवर पसरून बसलो. ठेवी कुठल्या कुठल्या बँकेत आहेत हे आईला माहीत नव्हतं. एका पतसंस्थेची पावती दीड वर्षानं जुन्या पंचांगात सापडली. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव होतं. मी जर्मनीला परतलो, आणि वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे हेलपाटे घातले ते आमच्या दाजींनी. त्यांचे ते उपकार मी विसरलेलो नाही.

बोलताना 'मृत्युपत्र' हा शब्द टाळा. तो उच्चारला की आई "असलं अभद्र बोलू नकोस" म्हणते आणि बोलणं तिथंच थांबतं. इच्छापत्र म्हणा, आणि आधी तुमचं दोघांचं लिहून बाबांपुढे ठेवा: "बाबा, परक्या मुलखात आम्हा दोघांना काही झालं तर पोरीला कोणी सांभाळायचं ते लिहिलंय, जरा वाचून बघा." नातीचा विषय निघाला की आजोबा आपणहून बोलू लागतात. याची खरोखर गरजही आहे. आई-वडील दोघंही गेले तर मुलाचा पालक जर्मनीतलं कौटुंबिक न्यायालय नेमतं, आणि तुम्ही नाव लिहून ठेवलं असेल तर ते विचारात घेतलं जातं. जर्मनीत घरी केलेलं इच्छापत्र पूर्ण स्वतःच्या हातानं लिहून सही केलेलं लागतं, टाइप केलेलं चालत नाही. आपल्याकडे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. म्हणून सगळं हातानं लिहा आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार घ्या. भारतात नोंदणी सक्तीची नाही, तरी बाबांचं इच्छापत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावं असं माझं मत आहे.

बाबांना मात्र 'कोणाला काय' हे पहिल्या दिवशी विचारू नका. 'काय कुठं आहे' एवढंच विचारा: बँका, पतसंस्था, विमा, लॉकर, सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) कोणाच्या नावावर. सातबाऱ्यावर आजोबा असतील तर वारस नोंद तुम्ही भारतात असतानाच करून घ्या. नॉमिनी लावलाय म्हणजे झालं, असं बहुतेक घरांत समजतात. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण त्यानं ते वारसांपर्यंत पोचवायचे असतात. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये हेच सांगितलं.

आता बहिणीबद्दल. भाऊ परदेशी निघाला की कोणीतरी म्हणतंच, "ताईची हक्कसोडपत्रावर सही घेऊन टाक, नंतर कोण येतंय?" तसं करू नका. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्या तारखेला वडील हयात नसले तरी तो जात नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. रात्री दोन वाजता आईला दवाखान्यात न्यायचं झालं तर सांगलीहून तीच येणार आहे. घाईत तिची सही घेतलीत तर तिला ते आयुष्यभर लागून राहील.

राहत्या घराचं बक्षीसपत्रही (हयातीतच घर मुलांच्या नावावर करून देणारा दस्त) आत्ता करून घेऊ नका. महाराष्ट्रात मुलामुलींच्या नावे ते करताना मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे (वर स्थानिक अधिभार), म्हणून लोक मोहात पडतात. म्हातारपणी छप्पर आई-बाबांच्याच नावावर असू द्या.

शेतीचं एक ध्यानात ठेवा. अनिवासी झाल्यावर तुम्हाला शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारशानं आलेली ठेवता येते, विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

भारतात वारशावर 1985 पासून कर नाही. जर्मनीत राहू लागलात की भारतातून मिळालेला वारसाही तिथल्या कर कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावा लागतो. आई किंवा वडिलांकडून आलेल्या प्रत्येकी 4,00,000 युरोपर्यंत कर नाही. काका किंवा आत्याकडून आलं तर ही सूट 20,000 वर येते.

तुमच्या नावावरच्या व्यवहारांचं मुखत्यारपत्र बहिणीला निघण्याआधीच करून द्या. नंतर जर्मनीतून करायचं झालं तर भारतीय वकिलातीत खेप पडते. आणि बाबांनी कोणाला दिलं असेल तर ते त्यांच्या हयातीपुरतंच चालतं, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

बसाल त्या रविवारी बहिणीला आणि दाजींना जेवायला बोलवा, आईलाही स्वयंपाकघरातून बाहेर आणून बसवा. एक कोरी वही बाबांच्या हातात द्या आणि यादी त्यांनाच लिहू द्या.