डायल नसलेला फोन

प्रश्न : देवगडच्या आमच्या घरात दांडीचा काळा फोन आहे. डायलच नाही, मग नंबर कसा लागे?

उत्तर : मी कोकणातल्या अशाच एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दांडी फिरवली की वीज निघे आणि माझ्या बोर्डावर तुमच्या नंबरची झडप पडे. मी कॉर्ड खोचून विचारायची, "नंबर?" पुष्कळजण नंबर सांगतच नसत, "डॉक्टरांकडे जोड गो" एवढंच. मुंबईचा ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा फोन, मात्र बुक करून ताटकळायचं.

पुढे सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने खेड्यांसाठी १२८ लाइनींचं स्वयंचलित एक्स्चेंज बनवलं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. त्याला एसी लागत नसे, आमच्या दमट हवेत ही फार मोठी सोय. आमचा बोर्ड बंद झाला, तेव्हा शेवटची कॉर्ड काढताना हात थरथरला. फोन टाकू नका.